सांध्यातले पाणी फेकू नका

मी कोलशेतला राहतो. जुने कारखाने जाऊन टॉवर उभे राहिले, तरी खाडीच्या बाजूला मूळ गाव अजून आहे. त्या गावातल्या एक मासळीविक्रेत्या बाई गेल्या पावसाळ्यात मुलाचा हात धरून आमच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत आल्या. वय पन्नाशीचे. उजवा गुडघा सात महिन्यांपासून सुजलेला, डावा अगदी ठीक. ‘वंगण संपलंय, झीज झालीय, असं सांगतात सगळे,’ बाई म्हणाल्या.

मी फाइल चाळली. एक्स-रे होता, वेदनाशामक गोळ्यांच्या चिठ्ठ्या होत्या, दोन वेळा गुडघ्यातले पाणी काढून आत स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्याची नोंद होती. पाण्याचा रिपोर्ट मात्र कुठेच नव्हता.

‘काढलेलं पाणी तपासायला कुठे दिलं होतं?’ मी विचारले.

‘तपासायला?’ मुलगा गोंधळला. ‘ते टाकून दिलं ना, डॉक्टर.’

हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकले आहे, की आज त्यावरच लिहायचे ठरवले. एकच सांधा सुजला असेल, तर त्यातून काढलेला द्रव प्रयोगशाळेत गेलाच पाहिजे आणि तोही प्रतिजैविक किंवा स्टेरॉइड देण्याआधी. यासाठी कोट्यवधींचे यंत्र लागत नाही, सवय लागते.

संधिवात हा एक आजार नाही. झिजेचा असतो, आमवात असतो, युरिक अ‍ॅसिडचा असतो, चिकुनगुन्यानंतर रेंगाळणारा असतो. या सगळ्यांत सांधा दुखतो आणि सुजतो. जंतुसंसर्गातही तेच होते. फरक इतकाच, की स्टॅफिलोकॉकससारखा पू करणारा जंतू सांध्यात शिरला, तर कुर्चा काही दिवसांत कायमची खराब होऊ शकते आणि संसर्ग रक्तात पसरला तर जिवावर बेततो. अशा रुग्णांपैकी सुमारे दहा टक्के दगावतात. क्षयाचा जंतू घाई करत नाही. तो महिनोन्‌महिने सांधा पोखरतो आणि तोवर सगळे त्याला झीज म्हणत राहतात.

बाहेरून पाहून हे वेगळे करणे अनुभवी डॉक्टरलाही नेहमी जमत नाही. द्रव तपासला तर जमते. पहिली तपासणी पेशी मोजण्याची. निरोगी सांध्याच्या द्रवात दर घन मिलिमीटरला दोनशेहून कमी पांढऱ्या पेशी असतात. हा आकडा पन्नास हजारांवर गेला, की संसर्गाचा दाट संशय घ्यायचा. मात्र आकडा त्याहून कमी आहे म्हणून संसर्ग नाही, असे ठरत नाही. त्याच द्रवाचा थेंब ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर युरिक अ‍ॅसिडचे सुईसारखे स्फटिक दिसतात. पण स्फटिक आणि जंतू एकाच सांध्यात नांदू शकतात, म्हणून एक सापडले की दुसऱ्याचा शोध थांबवायचा नसतो.

दुसरी तपासणी ग्रॅम स्टेन. हान्स क्रिस्तियान ग्रॅम यांनी 1884 मध्ये शोधलेली जंतू रंगवण्याची ही पद्धत आजही तासाभरात उत्तर देते. जंतू दिसला तर मोलाची माहिती मिळते. पण संसर्ग झालेल्या सांध्यांपैकी निम्म्यांत तरी तो या तपासणीत दिसत नाही. ‘ग्रॅम स्टेन निगेटिव्ह, म्हणजे घरी जा’ असे म्हणणे चूक आहे.

तिसरी, कल्चर. जंतू वाढवून कोणते औषध त्याला मारते, ते यातून कळते. इथे एक साधी युक्ती आहे. द्रवाचा काही भाग रुग्णाच्या खाटेजवळच रक्त-कल्चरच्या बाटलीत टाकला, तर जंतू सापडण्याची शक्यता वाढते. लहान मुलांच्या सांध्यात आढळणारा किंगेला हा जंतू साध्या बशीवर सहसा वाढत नाही. तो या बाटल्यांमुळे आणि पुढे पीसीआरमुळे सापडू लागला. अशी बाटली अपघात विभागात ठेवलेली असते का, हे प्रत्येक रुग्णालयाने एकदा पाहावे.

प्रतिजैविकाचे दोन डोस जरी आधी पोटात गेले, तरी कल्चर कोरे येऊ शकते. म्हणून आधी द्रव, मग औषध. रुग्ण अत्यवस्थ असेल तर औषधाला उशीर करायचा नाही, हे खरे. पण सुईने द्रव आणि शिरेतून रक्त घ्यायला काही मिनिटेच पुरतात.

क्षयाची गोष्ट वेगळी. त्याचा जंतू संथ वाढतो. द्रवरूप माध्यमातही कल्चरसाठी सहा आठवडे वाट पाहावी लागते. आता राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात सीबीनॅट तपासणी मोफत होते. ती जंतूचा डीएनए शोधते आणि रिफाम्पिसिन हे औषध लागू पडेल का, हेही सुमारे दोन तासांत सांगते. पण सांध्याच्या द्रवात क्षयाचे जंतू फार थोडे असतात. द्रवाची तपासणी निगेटिव्ह आली तरी संशय सोडायचा नाही. सांध्याच्या आतल्या अस्तराचा तुकडा घ्यायचा.

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका तरुणाच्या घोट्यातला असा तुकडा मी नेहमीच्या सवयीने पूर्णच्या पूर्ण फॉर्मेलिनच्या बाटलीत पाठवला. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर कशाचे करणार? त्या मुलाला पुन्हा भूल घ्यावी लागली. तेव्हापासून नियम पाळतो: एक तुकडा फॉर्मेलिनमध्ये, दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये.

कोलशेतच्या बाईंचे तसेच झाले. द्रवाचे ग्रॅम स्टेन कोरे, साधे कल्चर कोरे, सीबीनॅटही निगेटिव्ह. तुकड्यात मात्र क्षयाचा जंतू सापडला आणि नशिबाने तो औषधांना दाद देणारा निघाला.

आता दुसरी बाजू. तपासण्या स्वस्त होत चालल्या, तसा उलटा मोहही वाढतो आहे. ‘सगळा संधिवात जंतूंमुळेच होतो, पीसीआर करा आणि प्रतिजैविके घ्या’ असा सल्ला घेऊन रुग्ण येतात. पीसीआर मेलेल्या जंतूचा अंशही पकडते, त्वचेवरून सुईसोबत आलेला जंतूही पकडते. संसर्गाची कोणतीही खूण नसलेल्या सांध्यांतही जंतूंच्या डीएनएचे अंश सापडले आहेत. अंश सापडणे म्हणजे आजार सापडणे नव्हे. दोन्ही हातांची बोटे सकाळी तासभर आखडणाऱ्या आमवाताच्या रुग्णाला महिनोन्‌महिने प्रतिजैविके देत बसलो, तर खरा उपचार लांबतो आणि सांधे वाकडे होतात. पण त्याच रुग्णाचा एखादा सांधा अचानक बाकीच्यांपेक्षा जास्त सुजला, गरम झाला, तर तो आमवात वाढला असे समजू नये. आमवाताच्या रुग्णांना सांध्याच्या संसर्गाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

म्हणून आमच्या सरकारी व्यवस्थेकडे माझ्या तीन मागण्या आहेत. सुटीच्या दिवशी आणि रात्रीही सांध्याच्या द्रवाची पेशीमोजणी आणि ग्रॅम स्टेन व्हावे, कारण संसर्ग रविवार पाहून थांबत नाही. अपघात विभागात आणि ऑर्थोपेडिक वॉर्डात रक्त-कल्चरच्या बाटल्या कायम असाव्यात. आणि प्रयोगशाळेच्या अर्जावर डॉक्टरांनी नुसते ‘गुडघा’ न लिहिता मधुमेह, आधीची इंजेक्शने, घेतलेली प्रतिजैविके, तबेल्यातले काम, कच्चे दूध पिणे हेही लिहावे. तबेल्यातून येणारा ब्रुसेला हा जंतू हळू वाढतो आणि प्रयोगशाळेतल्या माणसालाही लागण करू शकतो. त्याचा संशय आधी कळवला, तरच तिथे योग्य काळजी घेतली जाते.

रुग्णांनी एवढेच करावे. एकच सांधा सुजला, सोबत ताप किंवा घटते वजन असेल, तर गोळ्या घेऊन दिवस ढकलू नयेत. डॉक्टर पाणी काढत असतील, तर ‘हे कुठे पाठवणार?’ असे विचारावे. रिपोर्ट फाइलला लावून घ्यावा. हा प्रश्न विचारल्याने कोणत्याही चांगल्या डॉक्टरचा अपमान होत नाही.

बाईंचे औषध वर्षभर चालले. ताप गेला, वजन वाढले, सूज उतरली. गुडघा मात्र पूर्ण वाकत नाही. पूर्वी त्या पाटीसमोर उकिडव्या बसून मासळी कापायच्या, आता प्लास्टिकच्या स्टुलावर बसून विकतात आणि कापायचे काम सुनेकडे असते. गेल्या आठवड्यात बाजारात भेटल्या, तेव्हा मला म्हणाल्या, ‘डॉक्टर, पहिल्याच वेळी तपासलं असतं तर?’

मी काय सांगणार? गुडघा बहुधा वाकला असता.