सव्वा महिन्याच्या आधी

शेजारच्या काकूंच्या सुनेला आठवा लागता लागताच मुलगी झाली. वजन १४०० ग्रॅम. तीन आठवडे पेटीत, ऑक्सिजनवर काढून बाळ घरी आलं, तेव्हा दवाखान्याच्या कागदावर एक ओळ लिहिलेली होती : ३० दिवसांच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी.

काकू म्हणाल्या, "सव्वा महिन्याच्या आत ओली बाळंतीण आणि एवढंसं पोर एसटीनं जिल्ह्याला न्यायचं? ताई, तुम्हीच सांगा." आणि मी, गावात आरोग्य शिबिरं भरवणारी, म्हणाले, "होऊ दे की सव्वा महिना. डोळे तर किती टपोरे आहेत!"

सव्वा महिना झाला, मग लग्नसराई आली. तीन महिन्यांची झाली तरी पोर आईच्या तोंडाकडे बघेना, तेव्हा सगळे धावले. उजव्या डोळ्याचा पडदा पूर्ण सुटला होता. डावा लेसरनं वाचला. ते माझं वाक्य मला अजून टोचतं.

मैत्रिणींनो, डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पोटात नऊ महिने भरेपर्यंत वाढत असतात. बाळ आधीच जन्मलं की ते काम अर्धवट राहतं. मग ऑक्सिजनचं कमी-जास्त प्रमाण, जंतुसंसर्ग अशा कारणांनी त्या वेड्यावाकड्या वाढतात आणि पडदा ओढून काढतात. ऑक्सिजननं बाळाचा जीव वाचतो, तेव्हा त्याला दोष नको. पण हा आजार बाहेरून दिसत नाही. टपोऱ्या डोळ्यांवर जाऊ नका!

३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ असेल, तर ३० दिवसांच्या आत तपासणी हवीच. २८ आठवड्यांच्या आतलं किंवा १२०० ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर दोन ते तीन आठवड्यांतच. औषधाचे थेंब घालून डॉक्टर पडदा बघतात, काही मिनिटांचं काम. गरज पडली तर लेसर किंवा इंजेक्शन. मात्र पुढच्या तारखा चुकवायच्या नाहीत. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हा आजार आहे. आशाताईंना विचारा, सिव्हिलला चौकशी करा.

आणि डोळा वाचला म्हणजे संपलं असंही नाही. बघायला मेंदूला शिकावं लागतं, आणि ते शिकणं पहिल्या काही वर्षांतलंच. अशा मुलांना मोठा नंबर, तिरळेपणा येऊ शकतो, म्हणून शाळेत जाईपर्यंत तपासणी चालू ठेवायची. बाळ कधी हसेल, कधी नजर फिरवेल, हे मोजताना दिवस भरण्याच्या तारखेपासून मोजायचं, म्हणजे उगाच घोर लागत नाही.

आमची छकुली आता तीन वर्षांची आहे. तिची आई काळ्या सतरंजीवर एकच पिवळा चेंडू ठेवते. दहा खेळणी एकदम नाही. तो हलवते, वाजवते, हातात देते आणि वाट बघते. जाड चष्म्यातून छकुली तो शोधते, आणि सापडला की सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं हसते.

सव्वा महिन्याची रीत बाळ-बाळंतिणीला जपण्यासाठीच आहे ना? मग डोळे जपायला एक दिवस उंबरा ओलांडला तर रीत मोडत नाही. तुमच्या गल्लीत असं बाळ आलं, तर तो कागद आधी वाचा. मी वाचला नव्हता.