क्यूबिट किती, आणि चुका किती

क्वांटम संगणकाची बातमी आली की मथळ्यात क्यूबिटांचा, म्हणजे त्याच्या माहितीच्या मूळ एककांचा, आकडा असतो. तेवढ्यावरून यंत्र कामाचे आहे की नाही, ते कळत नाही. चांगल्या यंत्रातही दोन क्यूबिटांवरची क्रिया शंभर ते हजार वेळांत एकदा चुकते आणि उपयोगी गणिताला अशा क्रिया कोट्यवधी लागतात. त्यामुळे प्रत्येक आकड्यासोबत चुकीचा दर विचारलाच पाहिजे.

हा दर मोजणे सोपे नाही. क्यूबिट सुरुवातीला तयार करतानाही चूक होते आणि शेवटी वाचतानाही. मग क्रियेची चूक वेगळी कशी काढायची? त्यासाठी ‘रँडमाइज्ड बेंचमार्किंग’ वापरतात. क्यूबिटवर वाटेल त्या क्रमाने क्रिया करत जायचे आणि शेवटी त्या सगळ्यांना उलटवणारी एक क्रिया करायची. सारे बिनचूक झाले तर क्यूबिट मूळ स्थितीत परततो. मग मालिका दहा, शंभर, हजार क्रियांपर्यंत लांबवायची आणि परतण्याचे प्रमाण कसे घसरते ते पाहायचे. वाचनातली चूक दर वेळी तेवढीच राहते, लांबीबरोबर साचत जाते ती क्रियेतली. घसरणीच्या वेगातून नेमकी तीच हाती लागते. मात्र ही सरासरी असते, आणि शेजारचे क्यूबिट एकाच वेळी चालू असताना होणारी गडबड सुट्या चाचणीत दिसत नाही.

चुका कमी करण्याचा एक मार्ग आयबीएमने २०२३ मध्ये १२७ क्यूबिटांवर दाखवला: गोंगाट, म्हणजे चुका घडवणारा व्यत्यय, मुद्दाम वाढवून उत्तर कसे बिघडते ते पाहायचे आणि त्यावरून शून्य गोंगाटाचे उत्तर अंदाजायचे. आजच्या यंत्रांना हे उपयोगी आहे, पण गणित मोठे होते तशी पुनरावृत्तींची संख्या भराभर वाढते.

खरी आशा चूक-दुरुस्तीत आहे. पीटर शोर यांनी १९९५ मध्ये एका क्यूबिटची माहिती नऊ क्यूबिटांत पसरवण्याची रीत मांडली. माहितीची नक्कल करता येत नाही, ती थेट पाहिली तर मोडते. म्हणून क्यूबिट एकमेकांशी जुळतात का, एवढेच तपासत राहायचे. डिसेंबर २०२४ मध्ये गूगलच्या ‘विलो’ चिपवर याच तत्त्वावरची क्यूबिटांची जाळी ३×३ वरून ५×५ आणि मग ७×७ केली, तेव्हा प्रत्येक पायरीला चूक निम्म्याहून खाली आली. शेवटच्या पायरीवर, तपासणीचे क्यूबिट धरून एकूण १०१ क्यूबिट वापरून, ती तपासणीच्या दर फेरीला ०.१४३ टक्के होती. क्यूबिट वाढवले की चुकाही वाढतात, हा आजवरचा अडसर इथे ओलांडला गेला. तरी हे फक्त माहिती टिकवणे होते, गणित करणे नव्हे. शिवाय याच गटाला चूक-दुरुस्तीच्या एका सोप्या रीतीच्या चाचणीत साधारण तासातून एकदा अनेक क्यूबिट एकदम बिघडताना दिसले. त्याचे कारण सापडले नव्हते, तरी त्यांनी ते शोधनिबंधात नोंदवले. हा प्रामाणिकपणा आम्हाला त्या यशाइतकाच मोलाचा वाटतो.

आपल्या राष्ट्रीय क्वांटम मोहिमेसाठी २०२३ मध्ये ६,००३.६५ कोटी रुपये मंजूर झाले. आठ वर्षांत ५० ते १,००० भौतिक क्यूबिट, असे तिचे उद्दिष्ट आहे. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, डीआरडीओच्या पुण्यातील प्रयोगशाळेसोबत, सहा क्यूबिटांच्या प्रोसेसरची चाचणी २०२४ मध्ये पार पडली. ही कामगिरी अभिमानाची आहे. आता मोहिमेच्या प्रत्येक टप्प्याला क्यूबिटांच्या संख्येशेजारी क्रियेची चूक, वाचनाची चूक, सर्व क्यूबिट एकदम चालवल्यावरची चूक आणि मोजणीची पद्धत जाहीर करणे बंधनकारक करावे. यंत्रे लहान आहेत तोवरच ही शिस्त लावणे सोपे आहे.