बिनव्याजी बँक कोणत्या कायद्याने?

आष्टीच्या बाजारात पेरणीच्या तोंडावर कर्ज शोधणारा कापूस उत्पादक हिंदू असो वा मुसलमान, व्याजाचा फास दोघांच्याही गळ्याला सारखाच लागतो. म्हणूनच व्याज निषिद्ध मानणाऱ्या इस्लामी अर्थविचाराची टवाळी करून भागणार नाही. व्याजावर अंकुश हवा, हा विचार आपल्यालाही परका नाही. कौटिल्याने दरमहा शेकडा सव्वा पण हा धर्म्य दर ठरविला होता. थकलेले व्याज एका वेळी मुद्दलाहून अधिक मागता येणार नाही, असा दामदुप्पटीचा नियम हिंदू विधीत होताच.

प्रश्न आहे तो नियमनाचा. समजा, आष्टीच्या शेतकऱ्याला विहिरीवर पंप बसवायचा आहे. ‘मुराबहा’ पद्धतीत बँक त्याला पैसे देत नाही. पंप स्वतः विकत घेते व नफा चढवून हप्त्याने त्याला विकते. हा नफा व्याजाहून कितपत निराळा, याविषयी मुस्लिम अभ्यासकांतही वाद आहे. तो त्यांनी खुशाल घालावा. मात्र १९४९ च्या बँकिंग नियमन कायद्याचे आठवे कलम बँकांना मालाच्या खरेदी-विक्रीस मनाई करते. व्यापारातील जोखमीची झळ ठेवीदाराला लागू नये, हे उघड आहे.

२००८ मध्ये रघुराम राजन समितीने बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली. २०१६ मध्ये सोलापूरच्या लोकमंगल सहकारी बँकेने बिनव्याजी कर्जे दिली; त्या समूहाचे संस्थापक सुभाष देशमुख तेव्हा राज्यातील भाजप सरकारचे सहकारमंत्री होते. २०१७ मध्ये मात्र, सर्व नागरिकांना बँकसेवेची समान संधी उपलब्ध असल्याचे सांगून रिझर्व्ह बँकेने इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव बाजूला ठेवला.

नियमनाबाहेर काय घडते, हे २०१९ मध्ये बंगळुरूत दिसले. ‘आयएमए’ने ‘हलाल’ नफ्याचे आमिष दाखविले, गुंतवणूकदारांना भागीदार म्हणवून ठेवींच्या कायद्याला बगल दिली आणि हजारो कुटुंबांची पुंजी बुडाली. बुडालेले बहुतेक मध्यमवर्गीय व गरीब मुसलमानच होते. त्यांच्या श्रद्धेचा व्यापार झाला, तेव्हा त्यांच्या कैवाराचा दावा करणारे पुढारी कोठे होते?

महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यात दामदुप्पटीचे तत्त्व आले, ते कर्जदाराचा धर्म न विचारता. बिनव्याजी कर्जाची सोय करायची तर सहकारी पतसंस्थांनी ती याच रीतीने, सर्वांसाठी करावी. तिचा हिशेब लेखापरीक्षकाने तपासावा. धर्ममंडळाचे प्रमाणपत्र त्याऐवजी चालणार नाही.