जुन्या मालमोटारींच्या चालकांचे काय?

संपादक महाशय यांस,

१ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या, साडेतीन टनांवरील एकूण वजनाच्या मालमोटारींत चालकाची केबिन वातानुकूलित असलीच पाहिजे, या केंद्र सरकारच्या नियमाचे आपण अग्रलेखात स्वागत केले आहे. त्यास हरकत घेण्याचे कारण नाही. मात्र त्या तारखेपूर्वी तयार झालेल्या गाड्यांना हा नियम लागू नाही. आणि उसाच्या हंगामात कारखान्याच्या वजनकाट्यापुढे तिष्ठणाऱ्या, कोकणातून जांभ्याचा चिरा घाटावर आणणाऱ्या, खडी-विटा वाहणाऱ्या गाड्या बहुतांशी याच जुन्या वर्गातील असल्यामुळे, ज्यांना उष्म्याचा जाच सर्वाधिक त्या चालकांचा या सुधारणेत विचारच झालेला नाही, हे आपल्या नजरेस आणणे अगत्याचे वाटते.

हा जाच काय असतो, ते एप्रिलच्या दुपारी भरल्या गाडीतून कुंभार्ली घाट चढल्याखेरीज उमगत नाही. चपट्या तोंडाच्या गाडीत इंजिन चालकाच्या डाव्या हाताला, केबिनमधल्याच पत्र्याच्या झाकणाखाली असते. क्लचवरचा पाय त्या झाकणाला खेटून राहतो, गिअरच्या दांड्याभोवतीचे रबर फाटलेले असल्यास तेथून तप्त हवा वर येते, आणि पहिल्या-दुसऱ्या गिअरात गाडी रांगत असता खिडकीतून वारा म्हणून येत नाही. चालक मंडळी यावर आपापल्या परीने तजवीज करतात: झाकणावर गोणपाट किंवा जुनी सतरंजी, टपाला आतून थर्माकोल, बैठकीवर काथ्याची गादी, काचेपाशी छोटा पंखा. या कल्पकतेचे मला कौतुक आहे. परंतु त्यांतील कित्येक उपाय धोक्याचे आहेत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. तेलाने माखलेले गोणपाट इंजिनावर पसरणे म्हणजे आगीला आमंत्रण देणेच होय. मोठ्या मालमोटारीची वीजव्यवस्था २४ व्होल्टची, म्हणजे १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकीला एक जोडून केलेली असते. बाजारातला १२ व्होल्टचा पंखा स्वस्त, म्हणून वायरमन तो दोहोंपैकी एकीवरच जोडून देतो, ती बॅटरी खचत जाते, दुसरी फाजील चार्ज होऊन तिचे पाणी आटते, आणि दोन्ही अकाली बदलाव्या लागल्या की मालक पंखाच उपटून टाकतो. एकावर एक रचलेल्या उशांनी ब्रेकचा अंदाज चुकतो, डाव्या खिडकीवरच्या झालरीआड दुचाकीस्वार दिसेनासा होतो. (डॅशबोर्डावरील गणपतीविषयी माझे काही म्हणणे नाही.)

आठ वर्षांवरील गाडीला दरवर्षी पासिंगला उभे राहावेच लागते. इंजिनाच्या झाकणाला न पेटणारे उष्णतारोधक अस्तर, टपाला दुहेरी आच्छादन, स्वतंत्र फ्यूजसह २४ व्होल्टचा पंखा आणि पाठीला आधार देणारी, पुढेमागे सरकणारी बैठक एवढ्या बाबी परिवहन खात्याने पत्रक काढून मान्य कराव्यात, आणि त्यांचा अभाव हा त्या वार्षिक तपासणीत दोष समजावा, अशी माझी सूचना आहे. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम नोंदणी दाखल्यातील तपशिलांशी विसंगत ठरणाऱ्या फेरफारास मनाई करते. पंखा आणि गादी त्या कक्षेत येत नाहीत असे माझे मत असले, तरी निरीक्षकाच्या मर्जीवर विसंबण्यापेक्षा लेखी खुलासा हाती असलेला बरा.

“थंडावा मिळाला की ड्रायव्हर पेंगतो,” हा युक्तिवाद आम्हा मालकांच्या बैठकीत मी वर्षानुवर्षे ऐकत आलो आहे, आणि तो करणारे गृहस्थ प्रत्येक वेळी पंख्याखालीच बसलेले असत. दिवसभर घाम गाळून, रात्री तापलेल्या पत्र्याखाली तळमळून जो पहाटे पुन्हा चाकावर बसतो, त्याच्या डोळ्यांवर येणाऱ्या झापडीविषयी मात्र या मंडळींना काही म्हणायचे नसते. खर्चाचा आक्षेप यापेक्षा वजनदार आहे, कारण एकाच गाडीवर संसार चालविणारा मालक बहुधा स्वतःच चालकही असतो. त्याला पासिंगच्या शुल्कात सूट द्यावी. ज्यांच्या दारी अनेक गाड्या उभ्या असतात त्यांनी मात्र हा खर्च आपल्या खात्यातून करावा, आणि ती रक्कम चालकाच्या भत्त्यातून कापता येणार नाही, असे त्या पत्रकात स्पष्ट नमूद असावे. केबिनमधल्या पंख्याचे पैसे आजवर बहुधा ड्रायव्हरच भरत आला आहे.

आपला,
एक निवृत्त मोटारमालक, कराड