तळ्यात पाणी येते कुठून?

आमच्या घराजवळ एक तळे आहे. त्याचे नाव मी मुद्दामच सांगत नाही. नवघर, गोडदेव, राई, मुर्धा, मोरवा, मांडली, यांपैकी ते कोणते हे मीरा-भाईंदरच्या वाचकाने आपल्या सोयीने ठरवावे. थोड्याफार फरकाने सगळ्यांची कहाणी एकच आहे.

रविवारी सकाळी मी नातीला घेऊन तेथे जातो. तळ्याभोवती फरसबंदी आहे, बाके आहेत, संध्याकाळी लागणारे रंगीत दिवे आहेत. कठड्याशी उभी राहून नात माशांना पाव टाकते. गेल्या वर्षी गणपतीनंतरच्या रविवारी पाण्यावर हारांची निर्माल्ये आणि रंगाचा तवंग तरंगत होता. ते बघत असताना तिने सहज विचारले, "आजोबा, या तळ्यात पाणी येते कुठून?"

मी म्हणालो, पावसाचे. ती म्हणाली, "पाऊस तर आपल्या गच्चीवरपण पडतो. मग आपल्या गच्चीवर तळे का नाही होत?"

उत्तर मला सुचले नाही. ते दिले अळू आणि शेवग्याच्या जुड्या घेऊन काठावर बसणाऱ्या एका आजीबाईंनी. त्या येथल्या मूळच्या आगरी घरातल्या. पलीकडे बोट करून म्हणाल्या, "बाय, तो समोरचा उतार व्हता ना, तितून पानी यायचं. सगल्या शेताचं पानी. आता तितं बिल्डिंग झाली." त्यांचे बोट ज्या इमारतीकडे होते, ती आमची.

माझ्यासारख्या हजारो माणसांची अडचण येथे सुरू होते. पर्यावरणावर बोलताना आपण 'ते' हा शब्द फार सहज वापरतो. त्यांनी डोंगर पोखरले, त्यांनी खाडी बुजवली, त्यांनी तिवरे तोडली. गिरगावातल्या दीड खोलीत संसार मावेना म्हणून आम्ही १९८०च्या दशकात भाईंदरला आलो, तेव्हा जमिनीचा पूर्वेतिहास विचारला नाही. विचारले ते एवढेच, की स्टेशन किती मिनिटांवर आणि पाणी किती वेळ. पावसाळ्यात तळमजल्याच्या भिंतींना लोणा येतो, पोपडे सुटतात. रंगारी हसून म्हणतो, "काका, भिंतीत मीठ आहे." खरेच आहे. ज्या भागात आम्ही राहतो, तेथे एके काळी आगर आणि खाजण होते.

जुन्या भाईंदरची रचना समजून घेण्यासारखी होती. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला येऊरच्या बाजूचे डोंगर आणि मध्ये सखल जमीन. भरतीचे पाणी उघाडीतून आत घ्यायचे, बांधांत अडवून उन्हात तापवायचे आणि मीठ काढायचे, ही मिठागरांची रीत. थोड्या उंच जमिनीवर भात. त्याहून उंचावर गाव. आणि गावाच्या कडेला, उताराच्या पोटात तळे. पावसाचे गोडे पाणी आधी शेतात थांबे, मग तळ्यात उतरे, तळे भरले की ओहोळाने खाडीला मिळे. गुरे, धुणे, भाजीचे मळे, उन्हाळ्यातली विहिरींची ओल, सगळे त्या तळ्यावर. उन्हाळ्यात तळे आटले की गाळ उपसायचा आणि शेतात टाकायचा. शेताला खत मिळे आणि तळ्याला खोली. तळ्यावर ज्याचा हक्क, त्याच्यावर तळ्याचे काम, असा तो सरळ हिशेब होता.

त्या काळात सगळे काही गोडीगुलाबीचे होते असे मी म्हणणार नाही. मिठागरातल्या मजुराचे पाय मिठाने फाटत आणि डोक्यावरची हंडी काही काव्य नव्हे. पण तळे कुणाचे, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडत नसे.

मग शहर आले. १९८५ साली ग्रामपंचायती एकत्र करून नगरपालिका झाली, २००२ साली महानगरपालिका. २००१च्या जनगणनेत येथे सुमारे ५ लाख २० हजार माणसे होती. २०११ साली ती ८ लाख ९ हजारांवर गेली. दहा वर्षांत जवळजवळ तीन लाख माणसे! त्यांना घरे हवी होती आणि मुंबईत ती परवडत नव्हती. त्यांना दोष कोण देणार? मी तर नाहीच. पण घर बांधताना पाण्याची वाट मोडली, तर पाणी आपली वाट शोधतेच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा उत्तर मुंबईपासून वसईपर्यंतच्या सखल भागांनी हे अनुभवले. भरतीच्या वेळी खाडीची पातळी चढते आणि गटारांचे पाणी बाहेर पडू शकत नाही. त्या चार-सहा तासांत पाणी थांबवून धरण्याचे काम खाजणे, तिवरांचे पट्टे आणि तळी करीत असत. आता ते काम आमच्या जिन्याखालची जागा करते.

तळ्यांकडे दुर्लक्ष झाले असेही म्हणता येत नाही. उलट महाराष्ट्रातल्या लहानमोठ्या शहरांत तळ्यांवर भरपूर खर्च होतो. त्या खर्चाचे नाव 'सुशोभीकरण'. चारी बाजूंनी काँक्रीटची उभी भिंत, वर कठडा, मध्ये कारंजे. डोळ्यांना बरे दिसते. संध्याकाळी म्हाताऱ्या माणसांना बसायला जागा होते आणि तिचा लाभ मीही घेतो. परंतु भिंत घालताना उताराने येणारा ओहोळ बाहेरच राहतो आणि मग तळ्याची टाकी होते. पूर्वी काठ उथळ आणि मातीचा असे. त्यात लव्हाळी उगवत, बेडूक अंडी घालीत, बगळे-पाणकोंबड्या उतरत, लहान मासे मोठ्यांपासून लपत आणि डासांच्या अळ्या खात. उभ्या भिंतीशी यांपैकी काहीच टिकत नाही. वरून शुद्ध पाणी येणे थांबले आणि खालून सांडपाणी झिरपत राहिले, की जलपर्णी माजते. वनस्पती सडल्या की पाण्यातला प्राणवायू संपतो आणि एखाद्या पहाटे मेलेले मासे वर येतात. नात टाकते तो पावसुद्धा त्या कुजण्यात भरच घालतो, हे मला उशिरा कळले.

दुर्लक्षाचा शेवट कुठवर जातो ते बंगळुरूने दाखवले. तेथले बेळंदूर तळे सांडपाण्याने आणि कचऱ्याने इतके भरले, की फेब्रुवारी २०१७ मध्ये चक्क त्या तळ्यात आग भडकली.

आता थोडे नाजूक विषयाकडे. आपण तळ्यावर जमतो ते मुख्यतः दोन वेळा, विसर्जनाला आणि छठपूजेला. सामुदायिक जीवन म्हणतात ते याहून वेगळे काय असते? मिरवणुकीत आगरी ढोलकी वाजते, शेजारच्या गुजराती घरातली वहिनी प्रसाद वाटते, उत्तर भारतीय मुले गर्दी आवरतात. हे तोडावे असे कोणता शहाणा म्हणेल? पण प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात विरघळत नाही, ते तळाशी थर करून बसते. आणि रासायनिक रंगांत शिसे-पाऱ्यासारखे जड धातू असू शकतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली सुधारित सूचना काढून असल्या मूर्तींना मनाई केली. त्यावर वाद झाले, न्यायालयात खेटे झाले. मला वाटते, उत्तर न्यायालयापेक्षा परंपरेतच आहे. मातीची मूर्ती पाण्यात मिसळून पुन्हा माती व्हावी, हाच तर विसर्जनाचा अर्थ. जी मूर्ती महिनाभर तळाशी हात-पाय मोडून पडते, तिचे विसर्जन झाले असे कसे म्हणायचे?

निर्माल्याचे तेच. वसईच्या खाडीवरच्या पुलावरून लोकल जाऊ लागली, की खिडक्या-दारांतून पिशव्या भिरकावल्या जातात. हात जोडले जातात आणि फुलांबरोबर प्लास्टिकही खाडीत जाते. खाली पाणजू बेट आहे आणि तेथील माणसे पुलाच्या कडेने चालत ये-जा करतात, हे गाडीतल्या माणसाच्या मनातही येत नाही. २०२५च्या सप्टेंबरमध्ये असाच गाडीतून फेकलेला नारळ लागून पाणजूचा एक तरुण दगावला. फेकणाऱ्याच्या लेखी ते पुण्यकर्म होते.

'आपल्या दारातून गेले की संपले' ही वृत्ती शहराच्या कचऱ्यालाही लागू आहे. आम्ही सकाळी डबा बाहेर ठेवतो. तो जातो उत्तनला, धावगीच्या डोंगरावर. उत्तन, पाली, चौक ही कोळ्यांची गावे. डोल जाळ्याची मासेमारी, वलांडीवर ओळीने वाळणारे बोंबील, वेलंकणी मातेचे तीर्थस्थान. डोंगरावरच्या कचऱ्याची दुर्गंधी, आगीचा धूर आणि पावसात उतरणारे काळे पाणी यांविरुद्ध तेथील ग्रामस्थ वर्षानुवर्षे भांडत आले आहेत. त्या भांडणात आम्ही भाईंदरकर किती वेळा त्यांच्या शेजारी उभे राहिलो? आम्हाला उत्तन आठवते ते रविवारी समुद्रावर जायला आणि ताजे मासे आणायला.

शेजारच्या वसईचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. तेथे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'हरित वसई'चे आंदोलन उभे केले. शेते, वाड्या आणि बावखले वाचवायची, तर शेतकऱ्याइतकेच शहरी माणसानेही बोलले पाहिजे, हे त्या चळवळीने शिकवले. सगळे वाचले नाही, पण जे वाचले ते बोलल्यामुळेच.

कायदा आपल्या बाजूला नाही असेही नाही. तिवरांच्या तोडीवर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली बंदी आणली आणि २०१८च्या निकालाने ती पक्की केली. तळी ही समाजाची संपत्ती आहे, ती राखली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सांगितले. पंजाबातल्या रोहर जहागीर गावी तळे बुजवून घरे बांधली गेली, तेव्हा २०११ साली त्याच न्यायालयाने ते अतिक्रमण नियमित करण्यास साफ नकार दिला. निकाल आहेत. निकाल हातात घेऊन तळ्याकाठी उभे राहणारे शेजारी मात्र कमी आहेत.

मग करायचे काय? मोठ्या गोष्टी मोठ्यांनी कराव्यातच. सांडपाणी तळ्यात येऊ नये आणि काठाची एक तरी बाजू मातीची राहावी, हे धोरणाचे प्रश्न आहेत आणि त्यांसाठी नगरसेवकाला धरले पाहिजे. पण काही गोष्टी चार घरांनी मिळून होण्यासारख्या आहेत. भर जुलैत एकदा छत्री घेऊन तळ्याभोवती फिरावे आणि पाणी कोठून येते, कोठे अडते, ते स्वतः पाहावे. गावातल्या जुन्या माणसाला बरोबर घ्यावे. त्याला ते नकाशापेक्षा अधिक ठाऊक असते. मूर्ती लहान आणि शाडूची आणावी, ती घरच्या बादलीत विसर्जित करावी, ते पाणी कुंड्यांना घालावे. निर्माल्याचे खत करावे. आणि गच्चीवरचे पाणी गटारात न सोडता तळ्याला द्यावे.

हे शेवटचे नातीच्या प्रश्नातून सुचले. आमच्या गच्चीवर तळे होत नाही, कारण नळ्यांतून ते पाणी थेट गटारात जाते. हाच पाऊस पूर्वी त्या उतारावर पडून तळ्यात जात होता. इमारतीने उतार घेतला, तर इमारतीने पाणी परत करावे. मध्ये एक गाळणी आणि रस्त्याच्या कडेने शंभर-दीडशे फूट नळी, रीतसर परवानगी घेऊन. ज्या शहराला प्यायचे पाणी लांबच्या उल्हास नदीवरून आणावे लागते आणि मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्या शहरात एवढा खटाटोप जास्त नव्हे. तळे भरले तर आसपासच्या विहिरींना आणि बोअरना ओल येईल, हा फायदा आमचाच.

सोसायटीच्या वार्षिक सभेत मी हा विषय मांडला. दोघांनी वाहवा केली, चौघांनी खर्च विचारला, एकाने "आधी बाहेरचा रंग करून घेऊ" असे सुचवले. रंगाचा ठराव मंजूर झाला. रंग देताना लोणा पुन्हा निघाला, आणि रंगारी पुन्हा हसला.

माझा विषय पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत आठव्या क्रमांकावर आहे. या खेपेला मी एकटा बोलणार नाही. त्या आजीबाईंना सभेला बोलावले आहे. त्या सभासद नाहीत, अशी हरकत कुणीतरी घेईलच. त्यावर मी सांगणार आहे, की त्या येथे आपल्या सर्वांच्या आधीपासून राहतात, आणि पाणी कुठून येत होते हे दाखवू शकेल असे आपल्यात दुसरे कुणी नाही.