मोहफुलांचा जाम : आधी वाळवण, मग विक्री

चंद्रपूर व गडचिरोली हे १९८२ पर्यंत एकाच जिल्ह्याचे भाग होते. या दोन्ही जिल्ह्यांत धान हे शेताचे पीक, तर मोह हे रानाचे पीक होय. मार्च-एप्रिलमध्ये शेतात काम नसते आणि तेंदूपानांचा हंगाम अद्याप यावयाचा असतो. अशा दिवसांत पहाटे गळणारे मोहफूल घरात पैसा आणते. परंतु त्याच सुमारास सर्वांचेच फूल बाजारात येते व भाव उतरतो. गरजू कुटुंब मिळेल त्या भावाने सारे फूल विकून मोकळे होते. ही रीत बदलणे अगत्याचे आहे. प्रत्येक कुटुंबाने फुलांचा काही भाग स्वच्छ वाळवून राखून ठेवावा व त्याचा घरीच जाम करावा, हे हिताचे ठरेल.

वाळलेल्या मोहफुलात वजनाच्या सुमारे निम्मी साखर असते. मात्र जाम घट्ट होण्यास साखरेबरोबर आंबटपणा व फळांतील पेक्टिन हा चिकट पदार्थही लागतो. मोहफुलात ही दोन्ही अल्प असल्याने नुसते फूल शिजवल्यास काकवीसारखा पाक होतो. ही उणीव आवळा भरून काढतो. पण आवळा हिवाळ्यात येतो, म्हणजे फूल पूर्ण पावसाळा टिकले पाहिजे. म्हणूनच जामाचा बरावाईटपणा चुलीवर नव्हे, तर वाळवणीवर ठरतो.

याच ठिकाणी आज चूक होते. फूल दिसावे म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटविला जातो. त्याने फुलास राख लागते, नवी रोपे जळतात आणि तोच वणवा पुढे रानभर पसरतो. पाला झाडून तेथे जाळी किंवा जुने स्वच्छ लुगडे अंथरले, तर फूल निर्मळ राहते व रानही वाचते. त्याच सकाळी पडलेले फूल बांबूच्या उंच ताटीवर पातळ पसरावे, वर विरळ कापड घालावे आणि सायंकाळी आत घ्यावे. मुठीत दाबले असता गोळा होत नाही इतके वाळल्यावर ते घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. पावसाळ्यापूर्वी त्यास पुन्हा एकदा ऊन द्यावे. बुरशी आलेले फूल जामास घेऊ नये.

जामाची कृती अवघड नाही. एक किलो वाळलेली फुले हलके झोडपून आतील केसर काढावेत, फुले दोन-तीन वेळा धुवावीत व दोन लिटर पाण्यात मऊ शिजवून चाळणीतून गाळावीत. त्यात उकडलेल्या आवळ्यांचा अर्धा किलो गर व पाऊण किलो साखर मिसळून सतत ढवळत आटवावे. भांडे स्टीलचे असावे, कारण आवळ्याचा आंबटपणा लोखंडास व कल्हई नसलेल्या पितळेस लागतो. थंड बशीवर टाकलेला थेंब पाण्यासारखा पसरला नाही, म्हणजे जाम झाला असे समजावे. उकळत्या पाण्यात २० मिनिटे ठेवून कोरड्या केलेल्या काचेच्या बरण्यांत तो गरम असतानाच भरावा.

मोह म्हणजे दारू, असा आक्षेप काही जण घेतात. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी असल्याने हा संकोच समजण्यासारखा आहे. परंतु दारू फूल आंबवून होते. जामात फूल आंबवले जात नाही आणि दाट साखरेमुळे ते पुढेही सहसा आंबत नाही. आदिवासी घरांत मोहफूल पूर्वापार अन्न म्हणून भाजून, उकडून खाल्ले जाते. मात्र जामास औषध मानू नये. तो साखरेचाच पदार्थ असून भाकरीबरोबर थोडा खावा. त्यास आंबूस वास आल्यास किंवा बुरशी दिसल्यास संपूर्ण बरणी टाकून द्यावी.

वनहक्क कायद्याने २००६ मध्ये गौण वनोपजावरील वनवासींचा हक्क मान्य केला. हक्क मिळाला तरी माल ओला व मातकट असेल, तर भाव व्यापारीच ठरविणार. तेव्हा ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी बचत गटांना प्रथमच लेबल व बाजारपेठेची स्वप्ने दाखवू नयेत. पहिल्या वर्षी जाळी व ताटी यांचे प्रात्यक्षिक करावे आणि हिवाळ्यात गटाने घरापुरताच जाम करून पाहावा. बरण्या पुढील उन्हाळ्यापर्यंत चांगल्या टिकल्या, तरच अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून विक्रीचा विचार करावा. ज्या घरी फूल नीट वाळवून ठेवलेले असते, त्या घरास चैत्रातील पडत्या भावापुढे मान तुकवावी लागत नाही. जामाचा खरा लाभ हाच होय.