औषधाला बोल लावण्याआधी नोझल पाहा



लागणी आटोपल्या की ऊस विकास विभागाकडे एक तक्रार हमखास येते. "साहेब, तणनाशक बोगस निघालं!" शेतात जाऊन पाहावे, तर एका पट्ट्यातले तण जळालेले आणि शेजारच्या पट्ट्यात हिरवेगार उभे. काही ठिकाणी उसाचीच पाने करपलेली.

बाजारात भेसळ नाही असे आमचे म्हणणे नाही. पण औषधच बोगस असते तर ते सगळ्या रानात फसले असते. पट्टे पडले, म्हणजे दोष बहुधा पंपात किंवा मारण्यात आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परीक्षा सोपी आहे. पंपात साधे पाणी भरून कोरड्या फरशीवर फवारा. मधे कोरडी रेघ राहिली तर नोझलमध्ये कचरा आहे. एकीकडे जास्त ओले झाले तर तोंड झिजलेले असावे. फवारा थांबून थांबून येत असेल तर गाळणी, हातपंपाचा वायसर किंवा बॅटरीचे चार्जिंग पाहा. भुकटीचे औषध आधी बादलीत थोड्या पाण्यात कालवून, मग गाळून ओतावे. निम्मा चोथा त्यानेच टळतो.

नोझल तुंबले की टाचणीने कोरायचे, ही खोड सोडा. भोक मोठे होते आणि फवारा कायमचा बिघडतो. जुन्या दात घासायच्या ब्रशने पाण्यात धुवा. तोंडाने फुंकर तर कधीच मारू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, हे विसरून चालणार नाही.

तणनाशकाला पट्टा पाडणारे चपटे नोझल लागते. कीटकनाशकाचे गोल फवाऱ्याचे नोझल इथे नको. ते जमिनीपासून साधारण दीड फुटावर, एकाच उंचीवर धरा. हात डावी-उजवीकडे हलवू नका.

आता हिशेब. एक गुंठा, म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, आखून नेहमीच्या चालीने साधे पाणी मारा. ५ लिटर लागले तर एकराला २०० लिटर, म्हणजे १६ लिटरचे साडेबारा पंप. एकराचे औषध तेवढ्याच पंपांत वाटा. "पंपाला एक टोपण" हा अंदाज झाला, हिशेब नव्हे.

आणखी एक गोष्ट, कोणाला कडू लागेल. पंपावर मजुरी ठरवली की पंप लवकर रिकामा करण्याकडे कल राहणारच. त्यात मजुराचा काय दोष? या कामाला रोजाने मजुरी द्या, हातमोजे द्या, आणि मालकाने बांधावर उभे राहावे.

कारखान्यानेही आपली बाजू सांभाळली पाहिजे. उधारीवर औषध देऊन ऊसबिलातून रक्कम कापायची, तर ज्या पंपाने ते मारायचे तो तपासण्याची सोय प्रत्येक गट ऑफिसात असावी. औषधाच्या मानाने नोझल किरकोळ किमतीचे. तेही औषधाबरोबरच मिळावे. संचालक मंडळाने याचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे.

तोवर सभासदांनी एवढे करावे: पट्टा दिसला की आधी पंप उघडावा, दुकानदाराशी भांडण त्यानंतर.